एका ‘शक्यतो’ची गोष्ट

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. माझी शिवण उसवली आहे, एक बक्कल तुटलं आहे आणि पोटावर शाईचा मोठा डाग आहे. पण मित्रांनो, आधीच बजावून ठेवते, माझी कीव करायची नाही! मी उगाच झिजलेली नाही.

मला बाईंच्या, म्हणजे माझ्या मालकिणीच्या, वडिलांनी शिवलं. ते खोगिरं शिवणारे कारागीर होते. मुलीला मंत्र्यांच्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा उरलेल्या जाड चामड्यातून त्यांनी मला घडवलं. बाईंचं काम नाजूक होतं. मंत्री जो कायदा मांडणार, त्याचा मसुदा तपासायचा, सभासदांच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवायची. मंत्री सभागृहात अडखळले की मागच्या बाकावरून बाई नेमकी चिठ्ठी पुढे सरकवायच्या.

“आमची अक्कल या बॅगेत असते,” असं मंत्री हसून सांगायचे. मी फुगून जायची. खरंच फुगायची, कागदच तेवढे असायचे!

अशी सोळा वर्षं गेली. मग धरणांचा कायदा आला.

त्यावर विचार करणाऱ्या समितीसमोर एक म्हातारा नावाडी साक्ष द्यायला आला होता. खुर्चीच्या टोकावर बसून तो म्हणाला, “न सांगता धरणाचे दरवाजे उघडले, साहेब. माझी सून नदीवर धुणं धूत होती. नुसता भोंगा वाजवला असता, तरी ती पळाली असती.”

समितीने एकमताने कलम लिहिलं : ‘पाणी सोडण्यापूर्वी खालच्या गावांना इशारा दिला पाहिजे.’ बाईंनी तो कागद माझ्या आतल्या कप्प्यात जपून ठेवला.

कायदा मांडायच्या दिवशी सकाळी छापील प्रत आली. ती समितीच्या निर्णयाशी जुळते, अशी बाईंची सही लागायची. बाईंनी माझ्यातला तो कागद काढला आणि बोट ठेवून छापील ओळ वाचली. बोट थांबलं. कलमात एक नवा शब्द घुसला होता : ‘शक्यतो इशारा द्यावा.’

“हा शब्द कुणी घातला?” बाईंनी मंत्र्यांच्या खासगी सचिवांना विचारलं.

“वरून आलाय. धरणवाल्यांना भोंग्यांची कटकट नको आहे. सही करा.”

“नाही करणार.”

“अहो बाई, एका शब्दाने काय आभाळ कोसळणार आहे?”

“आभाळ नाही, पाणी कोसळेल.”

सचिवांनी टेबलावर हात आपटला. दौत कलंडली आणि शाई माझ्या अंगावर सांडली. हाच तो डाग. तेवढ्यात आवाज ऐकून मंत्री बाहेर आले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि चष्मा काढला. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं, हे मला त्यांनी सचिवांची नजर टाळली त्यावरून कळलं.

“आज जाऊ द्या, बाई,” ते हळूच म्हणाले. “पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती करू.”

“पूर अधिवेशनाची वाट बघत नाही, साहेब. तुम्हाला मांडायचं तर मांडा. माझ्या सहीच्या जागी मी ‘जुळत नाही’ असं लिहिणार.”

सभागृहाची घंटा वाजली. मंत्र्यांनी पेन उचललं, ‘शक्यतो’वर काट मारली, ‘द्यावा’ खोडून ‘दिला पाहिजे’ लिहिलं आणि ते निघाले. सभागृहात त्यांनी सांगितलं, “छपाईची एक किरकोळ चूक दुरुस्त केली आहे.” कायदा मंजूर झाला. बाकं वाजली. बाईंचं नाव कुणी घेतलं नाही.

पंधरा दिवसांत बाईंची बदली तळघरातल्या जुन्या दप्तरखान्यात झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांकडे चाकांची चकचकीत बॅग होती, आणि म्हणे ते न वाचताच सही करायचे. माझ्यात आता नुसता डबा आणि छत्री असायची. लोक बाईंना म्हणायचे, “माफी मागा, परत वर याल.” बाई म्हणायच्या, “कशाची माफी? नीट वाचल्याची?”

चौथ्या वर्षी मोठा पूर आला. धरणाचे दरवाजे उघडले, पण त्याआधी अर्धा तास भोंगा वाजत होता. नावाड्याच्या गावातली घरं वाहून गेली, माणसं मात्र सगळी टेकडीवर होती. दप्तरखान्यात बाईंनी ती बातमी दोनदा वाचली आणि माझ्यावर डोकं टेकवून रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. नणंद येते तेव्हा म्हणते, “वहिनी, हे धूड भंगारात घाला.” घालू देत! मी घाबरत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं सगळेच सांगतात. मला तेल लावा किंवा लावू नका. जपायचंच असेल, तर आपली सही जपा. कुणी पुढ्यात कागद सरकवून “एकच तर शब्द आहे” असं म्हणालं, की खुर्ची पुढे ओढा, तो कागद पहिल्या ओळीपासून वाचा आणि त्या माणसाला खुशाल ताटकळत ठेवा.