एकोणसाठची धास्ती

मी तीस हजार एकतीस बोलतेय. जरा हळूच बोलतेय, कारण एकोणसाठ जवळपास असला तर ऐकेल. आम्हा संख्यांना भागाकाराची फार धास्ती. मी विषम, म्हणून दोनची मला भीती नाही. माझ्या अंकांची बेरीज सात, म्हणून तीनही माझ्या वाटेला जात नाही. एकोणसाठचं नाव काढलं की मात्र मी माझ्या शून्यांआड दडते.

कळंबजवळच्या एका शाळेत, चौऱ्याण्णव साली, मुबशिराबाईंनी मला फळ्यावर मांडलं. बाई वर्षभर बिनपगारी शिकवत होत्या. त्या दिवशीचा पाठ मुख्याध्यापक दादासाहेबांना पटला तर नेमणूक, नाही तर घरचा रस्ता. दादासाहेब शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

बाईंनी दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार केला, त्यात एक मिळवला, आणि मी झाले.

"या सहांपैकी कशानंही भागा, एक उरतोच. म्हणून ही मूळ संख्या," असं म्हणून बाईंनी माझ्यापुढे ठळक 'मूळ' लिहिलं. मान खोटा होता, हे मला ठाऊक होतं. पण मूळ म्हणजे कुणी भागू न शकणारी! मी गुपचूप तो मान घेतला.

तेवढ्यात नकोशी नावाची मुलगी उठली. "बाई, सतरानं कुठं भागलंय अजून?"

बाईंचा खडू थांबला.

"खाली बस गं," दादासाहेब म्हणाले. "बाईंचं बरोबर हाय. झाला पाठ. मला पटला."

सुटले एकदाची, असं मला वाटलं. पण मुबशिराबाई फळ्याकडे बघत राहिल्या आणि भागायलाच लागल्या. सतरा, बाकी नऊ. एकोणीस, बाकी अकरा. मी मनातल्या मनात हात जोडले. अहो, नोकरी हाताशी आलीय, थांबा! त्रेपन्नला तेहतीस उरले. तरी बाईंनी पुढं एकोणसाठ लिहिला. पाचशे नऊचा भाग गेला. बाकी शून्य.

बाईंनी 'मूळ' तळहातानं पुसलं. "माझं चुकलं, मुलांनो. ही संयुक्त संख्या आहे."

दादासाहेब उठले. "पोरांम्होरं मलाबी खोटं पाडलंत, बाई," एवढं बोलून ते बाहेर पडले. नेमणूक दुसऱ्याच कुणाची झाली.

एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ अशी मी उघडी पडले, पण माझ्यातला एकसुद्धा कमी झाला नाही. गेलं ते बाईंचं. आणि जाणार हे कळत असूनही त्या भागत होत्या, हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आजही घाईत कुणी मला मूळ म्हणतं आणि मी गप्प बसते. भित्रीच आहे मी. म्हणून तुम्हीच भागून बघत जा. मी थरथरेन. थरथरू द्या.