तांबूस बियरचा मग, मुक्काम शिरोडा

मी एक मग बोलतोय. बियरचा मग. जाड काचेचा, अंगभर खळ्या असलेला, उचलायला दणकट कान असलेला. सध्या राहतो शिरोड्याला, लवूमामांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर. एका बाजूला हळदीचा डबा, दुसऱ्या बाजूला कोकमाची बरणी. इथल्या खाऱ्या हवेची मला आता सवय झाली आहे.

जन्म मात्र माझा फार लांबचा, चेक देशातला. तापून लाल झालेली काच लोखंडी साच्यात ओतली, वरून दाबली आणि मी झालो. तिथून ब्रनो शहराजवळच्या एका गावात, बियर पाजणाऱ्या एका जुन्या दुकानात गेलो. कितीतरी वर्षं कितीतरी हातांतून फिरलो. मग मिलोश नावाचा रेल्वेतला सिग्नलवाला नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा दुकानाच्या मालकाने मला पुसून त्याच्या हातात दिलं. "रोज यातूनच पितोस, आता घरी ने."

मिलोश एकाच जातीची बियर प्यायचा. पोलोत्मावे. म्हणजे अर्धी काळी. पिवळी बियर सगळ्या जगाला ठाऊक आहे, काळीही मिळते. ही मधली. कोऱ्या चहासारखी तांबूस, आधी जिभेला भाजलेल्या पावाच्या कडेसारखी लागते आणि गिळल्यावर मागे हलकं कडू सोडते. तिच्या देशातही ती प्रत्येक दुकानात मिळत नाही, मग बाहेरचं काय सांगावं!

मिलोशचा मुलगा पावेल सुतारकाम शिकलेला. ब्रनोला शिकायला आलेल्या आकांक्षाशी त्याचं लग्न झालं आणि दोघं तिच्या माहेरी, शिरोड्याला येऊन राहिली. माडांच्या बागेत त्याने शेड घातली आणि फणसाच्या लाकडाच्या खुर्च्या, पाळणे करायला लागला. मालवणी शिकला. सासऱ्याला, म्हणजे लवूमामांना, मामा म्हणू लागला. सगळं बरं चाललं होतं.

मग त्यांना मुलगी झाली, तन्वी. ती अजून दवाखान्यातच होती, तेव्हा तिकडे मिलोश झोपेतच गेला. ओल्या बाळंतिणीला आणि लेकीला सोडून पावेल कसा निघणार? त्याने बापाचा अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. नंतर सगळे नातेवाईक त्या जुन्या बियरच्या दुकानात जमले. मिलोश नेहमी म्हणायचा, "मी गेलो की रडत बसू नका. माझ्या मगातून एकेक घोट घ्या." मी टेबलावर हातोहात फिरलो. भाऊ, पुतणे, शेजारी, सगळ्यांनी घोट घेतला. मुलगा तेवढा राहिला.

त्याच्या आईने मला मिलोशच्या लोकरी मोज्यांत गुंडाळलं आणि इकडे धाडलं. फोनवर ती म्हणाली, "पावेल, तुझा घोट बाकी आहे."

पावेलने मला धुतलं, पुसलं, फळीवर ठेवलं. आणि पुन्हा हात लावला नाही. काही दिवसांनी माझ्यात चमचे आले, मग तन्वीचा खुळखुळा. शेडमध्ये फणसाच्या फळ्या पडून राहिल्या. तो जेवायचा, लेकीला झुलवायचा, पण बोलायचा नाही. एकदा भात वाढता वाढता आकांक्षाने विचारलं, "तुला कायमचं परत जायचंय का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. आकांक्षाच्या हातातला डाव तसाच राहिला.

हे लवूमामांनी ओटीवरून ऐकलं. सकाळी त्यांनी मला फळीवरून काढलं, चमचे बाजूला ठेवले आणि थेट शेडमध्ये गेले.

"पावेल, ह्या कित्याक आसा रे?"

पावेलने सांगितलं. आधी तुटक, मग भडाभडा. पोलोत्मावे, दुकान, राहिलेला घोट. "मामा, ती बियर हय गावणा नाय. आणि दुसरी ह्याच्यात ओतूक माका जमणा नाय."

लवूमामांनी मला फिरवून बघितलं. "आमच्यात गेलेल्याक जा आवडता ता पानार वाढतत," ते म्हणाले. "वडे, सागोती, एखाद्याक विडीसुद्धा. मगे तुझ्या बापाशीक बियर व्हयी तर त्यात काय चुकला? शोधूया."

स्वतः लवूमामा काजूच्या हंगामात बोंडांची दारू, उर्राक, चार घोट घेणारे. बियरशी त्यांचा संबंध नाही. तरी ते वेंगुर्ल्याला जितेंद्रच्या दारूच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"मामा, साधी आसा, स्ट्राँग आसा," जितेंद्र डोकं खाजवत म्हणाला. "ही अर्धी काळी खंयची?"

"माझ्या जावयाच्या गावची."

मग गोव्यातली दुकानं झाली. कुठकुठल्या देशांच्या बाटल्या होत्या. एका ठिकाणी चेक देशाची सापडलीसुद्धा, पण आत पिवळी. लवूमामांनी युक्ती काढली, "काळी नि पिवळी एकत्र कर मरे!" पावेल कितीतरी दिवसांनी हसला. "आमच्याकडेही तसं करतात, मामा. पण ताता म्हणायचा, दोन शेजारी एका खोलीत कोंडले म्हणून भाऊ होत नाहीत." बापाला तो ताता म्हणे. या घरात त्याने बापाचं बोलणं प्रथमच कुणाला सांगितलं. मग लवूमामा रोज काहीबाही विचारू लागले. तुझो बापूस मासे खाय? रागीट होतो? पावेल सांगत राही.

इकडे आकांक्षाने गोव्यातल्या लहान लहान बियर कारखान्यांना फोन लावले. बहुतेकांनी नावच ऐकलं नव्हतं. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्याच्या हद्दीतल्या एका कारखान्यात बियर बनवणारी बाई होती, सावित्री, मूळची मालवणची. ती म्हणाली, "नाव वाचलेलं आहे, बनवली कधीच नाही. तुमच्या नवऱ्याला घेऊन या. चव त्याच्या तोंडात आहे, माझ्या नाही."

पंच्यात गुंडाळून लवूमामांनी मलाही नेलं. पावेल रंग सांगत होता, वास सांगत होता, फेस किती घट्ट ते बोटांनी दाखवत होता. सावित्रीने भाजलेल्या जवाचे चार प्रकार त्याला चावून बघायला दिले. निघताना लवूमामांनी विचारलं, "कधी येव आम्ही?"

"काका, ही बियर घाईची न्हय. थंड टाकीत दोन म्हयने निजवची लागता."

दोन महिन्यांनी आम्ही गेलो. सावित्रीने साध्या ग्लासात थोडी ओतली. पावेलने घोट घेतला आणि मान खाली घातली. मी टेबलावर रिकामाच होतो.

"खरं सांगा," सावित्री म्हणाली.

"गोड आहे. चांगली आहे, पण ती नाही."

मला वाटलं, संपलं. पण सावित्रीने ओढणी खोचली. "मग जरा कमी भाजलेला जव घेऊ. कडवटपणा थोडा वाढवू. परत या." परतीच्या वाटेवर पावेल बोटांनी हवेत कसली तरी मापं घेत होता. दुसऱ्या दिवशी शेडमधून रंध्याचा आवाज आला. "फुकट वाट कशाक बघू?" तो आकांक्षाला म्हणाला. सावित्रीसाठी तो फणसाचं टेबल करत होता.

दुसऱ्या खेपेला सगळेच गेलो, तन्वीसुद्धा. दुपारची वेळ होती, खिडकीतून खाडी दिसत होती. सावित्रीने पुन्हा साध्या ग्लासात ओतली. पावेलने वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. मग ग्लास बाजूला सरकवून त्याने मला पुढे ओढलं.

"ह्याच्यात," तो म्हणाला.

कितीतरी दिवसांनी मी काठोकाठ भरलो. तांबूस, गार, वर सायीसारखा फेस. पावेलने मला दोन्ही हातांनी उचललं. "ताता," एवढंच म्हणाला आणि प्याला. मग मला खाली ठेवून रडला. मोठ्याने, खांदे हलवत, बापासाठी पहिल्यांदाच. आकांक्षाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुणी उगी उगी म्हटलं नाही.

तो शांत झाल्यावर लवूमामांनी मला उचललं. "तुमका वळखणय नाय, व्याही," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पण झील बरो दिलास आमका, जावय म्हणान." घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आसा रे!" मग जरा थांबून, "पण मागसून बरी लागता." आणि दुसराही घेतला.

आता सावित्री ती बियर वर्षातून दोनदा करते. आम्ही खाडी ओलांडून जातो, कारण गोव्यातली दारू परवान्याशिवाय हद्दीपार आणणं कायद्यात बसत नाही. शेडमध्ये कामाची रांग लागली आहे. आणि मुंबईपलीकडे कधी न गेलेल्या लवूमामांनी पासपोर्ट काढलाय. येत्या मे महिन्यात सगळे ब्रनोला जाणार आहेत, पावेलच्या आईला नात दाखवायला. विहीणबाईंसाठी कोकमं नि काजूगर बांधायचं आत्तापासून चाललं आहे.

मी जाणार नाही. काचेला प्रवास सोसत नाही, असं आकांक्षा म्हणते, आणि माझ्या काठाचा एक टवका तन्वीने आधीच उडवला आहे. मी घर सांभाळीन. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात लांबून आलेलं कुणी असेल, आणि ते इथे न मिळणाऱ्या एखाद्या चवीचं नाव घेत असेल, तर हसू नका. जवळ बसा आणि विचारा, ती कशी लागते?