बिनपावडरीचा हरभरा

"चाड्यातला हात धुतल्याबिगर लेकराला घिऊ नको," असं सासूनं, केशरबाईनं, बजावलं तेव्हा करुणा हसली होती. कॉलेज शिकलेली सून. तिफणीवरच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, मुठीनं हरभरा सोडताना बियाला चोळलेली अळीमारी बीएचसी पावडर बोटांना राखेसारखी चिकटायची. "एवढ्याशानं काय होतंय, आत्याबाई?"

दुपारी शेताच्या धुऱ्यावर सांडलेलं बी टिपून होल्या पाखरांची जोडी पाय वर करून पडलेली दिसली. चार पावलांवर झोळीत तिचं लेकरू निजलेलं. करुणानं दोनदा हात धुतले, मगच त्याला उचललं.

पुढच्या साली, सत्त्याण्णवच्या रब्बीला, वारंगा फाट्यावरच्या दुकानदारानं हात झाडले, "पावडर बंद झाली सरकारातून." सासरे किशनराव घरी येऊन माळ्यावरची उरलेली अर्धी थैली शोधू लागले.

"मामा, यंदा तसंच पेरू या ना."

"आन् अळीनं रोपं कातरली मंग? तुझ्या कॉलेजच्या वह्या खायच्या का आमी?"

"यंदा चाड्यात हात माझा ऱ्हाईल," केशरबाई म्हणाली. "न्हाई लावायची. बी दाट सोडते की जरा."

हरभरा उगवला आणि करुणाची झोप उडाली. रोज उजाडताच लेकरू कडेवर घेऊन ती ओळी बघत हिंडायची. एका सकाळी ओळीच्या ओळी बुडातून कातरलेल्या. किशनरावांनी ओळींमधली माती हलवायला बैलांना कोळपं जुंपलं.

माती हलली तशा काळपट अळ्या वेटोळं करून उघड्यावर पडल्या. आधी एक साळुंकी उतरली. मग सिद्धेश्वरच्या धरणाकडून बगळे आले, एकामागं एक, आभाळातून कुणी पांढरी धोतरं खाली सोडावीत तसे. कोळप्यामागं, बैलांच्या पायांत, किशनरावांच्या टाचेला लागून पाखरंच पाखरं. चोचीचा एक झटका, अळी गडप. लेकरानं दोन्ही हात पसरले.

किशनरावांनी बैल थांबवले. "इतके दिस कुठं व्हते गं हे?"

"तुमीच मारत व्हता की, त्या पावडरीनं," केशरबाई म्हणाली.

सगळं वाचलं नाही. जागोजाग रान उघडं पडलं होतं, तिथं नव्यानं बी टोकायचं होतं. घरचं बी संपलेलं, म्हणून करुणा शेजारच्या सुमनबाईकडं गेली. म्हातारी एकटीच राहायची.

"हाय की गं, तुझ्याच सासूनं गेल्या साली पेरून उरलेलं दिल्तं," म्हणत सुमनबाईनं मडकं पुढं केलं. "लागंल तेवढं घे, बाकीच्याच्या घुगऱ्या शिजाया टाकते. उरल्या बियाच्या घुगऱ्या खायाच्याच असत्यात."

करुणानं मूठभर बी काढून मूठ उघडली. बोटांना तीच राखेसारखी पावडर.

"आज टाकणार व्हते, तवर तू आलीस," म्हातारी हसत होती. करुणाला रडूच फुटलं. मडकं तिनं छातीशी धरलं, मग दचकून दूर धरलं, आणि हात धुतल्यावरच सुमनबाईला मिठी मारली.

तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: दुकानातून गेलेली पावडर कुणाच्या मडक्यात अजून असेल. तुमच्या गल्लीत अशी एकटी म्हातारी आहे ना? आजच जा, आणि तिचं बियाण्याचं मडकं एकदा बघून या.