पिंपांवर तरंगणारी बोट

मी एक जुनी प्रवासी बोट आहे, मित्रांनो. नाव 'लेडी मोराग'. सध्या मुक्काम अटलांटिकच्या तळाशी, आणि इथून हलायची सोय नाही.

माझा जन्म ग्लासगोचा, क्लाइड नदीच्या काठचा. माझं नाचघर असं गुळगुळीत होतं की लठ्ठ पाहुणेसुद्धा तिथे हलके होऊन नाचत. मला मिरवायची हौस होती, ते कशाला लपवू?

मग युद्ध आलं. माझे गालिचे उतरवले, अंगाला राखाडी रंग फासला आणि डेकवर जुन्या तोफा बसवल्या. मी म्हणे आता युद्धनौका! चिलखत मात्र कोणी घातलं नाही. त्याऐवजी पोटात रिकामी लाकडी पिंपं कोंबली, भोक पडलं तरी मी तरंगत राहावी म्हणून. गोठवणाऱ्या पाण्यात मी तीच ती गस्त घालत राहिले. माझा जीव नुसता कोंडून गेला.

जुने नोकर बरोबर होते, तेवढाच आधार. लुईस बेटाचा मर्डो आणि त्याच्या बायकोचा भाऊ टॉर्किल, दोघे पूर्वी प्रवाशांना जेवण वाढायचे. मर्डो भारी कर्मठ. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करणं पाप, म्हणून रविवारी हत्याराला हात लावायचा नाही, दाढीसुद्धा शनिवारीच उरकायचा. टॉर्किल त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवायचा.

अशाच एका रविवारी दुपारी पाणबुडीने मला गाठलं. पहिल्या तडाख्यातल्या जखमींसाठी ब्लँकेटं आणायला टॉर्किल खालच्या कोठीत गेला. तेवढ्यात पाणी चढलं, पिंपं उसळली आणि कोठीच्या दाराला बाहेरून गच्च बसली. मला तगवणाऱ्या पिंपांनीच त्याला कोंडलं. मी तरी काय करणार? मला हात कुठे आहेत?

कप्तानाने सगळ्यांना होड्यांत उतरायला सांगितलं. मर्डो उतरला नाही. तो कुऱ्हाड घेऊन खाली आला.

"दाजी, तुम्ही?" आतून टॉर्किलने विचारलं. "अहो, आज रविवार."

"ठाऊक आहे. दारापासून लांब हो."

"पाद्रीबाबांना काय सांगाल?"

"सांगेन, मेव्हण्याची बडबड ऐकवेना, त्याला गप्प करायला गेलो होतो."

"पाणी छातीपर्यंत आलंय, दाजी." आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मग बोलत राहा. गप्प बसायचं नाही."

मर्डोने एक पिंप फोडलं. मग दुसरं. प्रत्येक पिंपासरशी मी थोडी खाली जात होते. ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. मित्रांनो, मला बुडायचं नव्हतं. मला फार भीती वाटत होती. तरी त्याने थांबावं असं एकदाही वाटलं नाही.

शेवटी दार किलकिलं झालं. मर्डोने मेव्हण्याला मानगूट धरून बाहेर ओढलं आणि दोघांनी शेवटची होडी गाठली. टॉर्किल थंडीने लटपटत होता, पण बोलायचा थांबला नव्हता. मी मात्र संध्याकाळच्या आत बुडाले.

जुन्या बोटी जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. दाराआड कोणी अडकलं असेल, तर आधी तिकडे धावा. माझ्यासारखी बोट क्लाइडच्या काठी पुन्हा बांधता येते. टॉर्किल कोणाला बांधता आला असता?