लगनबेटाच्या देवीनं बोकड अडवला

कोसंबटोल्याच्या तलावाच्या पाळीवर त्या दिवशी नवरदेवांची नुसती झुंबड उडाली होती. नवरदेव म्हणजे अजून कोणी पसंत न केलेले. नागभीडहून ऑटो भरून आलेले, आरमोरीकडून एका मोटारसायकलीवर तिघे तिघे बसून आलेले. केसांना तेल, खिशात कंगवा, गळ्यात नवा रुमाल. एकानं तर पिशवीतून बाशिंग आणलं होतं. देवी जागच्या जागी पावली तर ऐनवेळी धावपळ नको! पोरीही होत्या, पण त्या आपल्या आयांच्या मागे, मान खाली घालून. त्यांना कोणी विचारून आणलं नव्हतं.

गोकुळा आपल्या पोरीला, आचलला, घेऊन त्याच गर्दीत उभी होती. उन्हानं तिचं डोकं तापलं होतं आणि नवऱ्याच्या उत्साहानं त्याहून जास्त. तिचा नवरा इस्तारी याच तलावात मासे धरायचा. तलावाचा कानाकोपरा त्याला पाठ होता, पण आज तो पहिल्यांदाच तलाव पाहत असल्यासारखा हात जोडून उभा होता.

या सगळ्याचं मूळ एका उकारात होतं.

गावचा प्रफुल्ल काही वर्षं समुद्राकडच्या मुलखात हॉटेलात कामाला होता. तिथे त्यानं लगून पाहिलं. लगून म्हणजे समुद्रकाठी वाळूच्या पट्ट्यामागे अडलेलं खारं पाणी. त्यात बेटं, बेटांवर जुने किल्ले, आणि स्वस्तात नावेनं फिरवून आणणारे गाइड. प्रफुल्लला वाटलं, आपल्या तलावात काय कमी आहे? तीन बेटं आहेत, मधल्या बेटावर पडकी गढी आहे, गढीपाशी कोण्या जुन्या सरदाराचा स्मृतिदगड आहे. दगडावर एक पुरुष आणि एक बाई कोरलेली. त्यानं जुनी फायबरची नाव आणि मोटर विकत आणली आणि पाटी लावली: ‘ऐतिहासिक लगून बेटदर्शन. गाइडसह. गरिबाला परवडेल अशा दरात.’ तलाव धानाच्या पाण्यासाठी जुन्या लोकांनी बांधलेला, पाणी गोडं, समुद्र गावात कोणी पाहिलेला नाही. पण पाटी झोकात होती.

कोणी आलं नाही. प्रफुल्ल नावेत बसून मच्छर मारत राहिला.

मग एक दिवस नानाजी पाटीपुढे थांबले. नानाजी गावातले वडीलधारे; वाचायचे ते अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं. त्यांनी वाचलं, “ऐतिहासिक... लगन... बेट!” उकार त्यांनी गिळून टाकला. आणि आपल्या झाडीपट्टीत लगन म्हणजे लग्न, हे काय कोणाला सांगायला पाहिजे?

“म्हून तं तिथी नवरा-नवरीचा दगड हाये!” भागीरथाबाई ओरडली.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या चार गावांत बातमी गेली की कोसंबटोल्याच्या तलावात लगन जुळवणारं बेट निघालं, आणि बेटावर लगनमाता आहे.

प्रफुल्लनं सुरुवातीला प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. “लगन नाई जी, लगून. लगून!”

“हो ना गा, तेच म्हनून राह्यलो. लगन.”

सांगून सांगून त्याचा घसा बसला. मग गर्दी पाहून तो गप्प बसला. मग त्यानं भगवं उपरणं घेतलं. लोक त्याला प्रफुल्ल महाराज म्हणू लागले, आणि त्यानं कोणालाही नको म्हटलं नाही.

तर त्या दिवशी गोकुळा, इस्तारी आणि आचल बसले आणि नाव निघाली. महाराज मागे मोटरीपाशी बसले. मोटरीला झेंडूचे इतके हार की ती मोटर आहे की नवरी, कळू नये. महाराजांच्या उजव्या मनगटात लाल, गुंडाळ्या गुंडाळ्यांचा जाड दोरा. लोक त्याला ‘रक्षासूत्र’ म्हणत आणि बसताना डोळ्यांना लावत.

“भक्तगण हो, लेफ्टमे देखो, इतिहास! राइटमे देखो, इतिहास!” महाराजांचं सुरू झालं. “या गढीत राजा-राणीचं लगन लागलं, तवा देवी स्वता मामा बनून आली होती!”

“देवी मामा कशी बनन?” आचलनं विचारलं.

“कलियुगात असेच प्रश्न पडते, ताई.”

नाव मधल्या बेटाजवळ आली. महाराजांनी एकेकाकडे पाहिलं. आचलवर नजर थांबली. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे उंचावून आरोळी ठोकली, “लगनमाते, कौल दे!”

आणि मोटर बंद पडली. फट्ट! एकदम शांतता. नाव पाण्यावर नुसती डुलत राहिली. नावेतल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं.

“देवीनं अडवलं,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “या पोरीवर दोष हाये. येत्या रयवारी बेटावर सुपारी फुटली पाह्यजे, आन् पोरगा पाण्याच्या धंद्यातला पाह्यजे. कबूल?”

इस्तारीनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. “कबूल, महाराज!”

महाराज वाकले, मोटरीच्या पाया पडल्यासारखं काही केलं, दोरी ओढली आणि मोटर धडधडत सुरू झाली. सगळ्या नावेनं जयजयकार केला.

पाण्याच्या धंद्यातला पोरगा शोधायला लांब जावं लागलं नाही. महाराजांचा साळा सुनिल पाळीवर तिकिटं फाडत होता.

घरी आल्यावर गोकुळानं भाकरीचं पीठ परातीत आपटलं. “अवो, पोरीचा नर्सिंगचा नंबर लागला गडचिरोलीले. सोमवारी हजर व्हाचं हाये. आन् तुमी रयवारी सुपारी फोडून राह्यले?”

“म्या थोडी फोडून राह्यलो? देवी फोडून राह्यली.”

“देवीले सुनिलच दिसला का? तो तं दिवसभर तंबाखूचा खर्रा खाते.”

“मोटर आपोआप बंद पडली वो! तू बी होती नावेत. माह्यावाली मोटर नाई, फटफटी नाई, देवीची मोटर!” इस्तारीचा आवाज खाली आला. “पोरीवर दोष असन आन् आपुन आयकलं नाई, तं उद्या काई झालं का कोणाले तोंड दाखवू?”

गोकुळानं पीठ मळायला घेतलं. मोटर बंद पडली होती हे तिनंही पाहिलं होतं. आचल कोपऱ्यात आपली पेटी भरत होती. बापाकडे पाहून ती एवढंच म्हणाली, “बाबा, तुमी मले काईच नाई इचारलं.”

रविवारी नाव सजली. आचल, गोकुळा, इस्तारी, नानाजी, भागीरथाबाई, सुनिल. सुनिलला नवा शर्ट घातला होता, आणि तो आचलपेक्षाही जास्त घाबरलेला दिसत होता. हळदीकुंकवाच्या थाळ्या, सुपाऱ्या, नारळ. आणि देवीला दाखवायला नानाजींनी आणलेला एक काळा बोकड. “धर वो गोकुळा,” म्हणून त्यांनी त्याचा दोर गोकुळाच्या हाती दिला. ती मागे, महाराजांच्या पायाशीच बसली होती.

“लेफ्टमे देखो, इतिहास!” महाराज सुरू झाले.

बोकडाला इतिहासात रस नव्हता. त्यानं आधी मोटरीवरचे झेंडू खाल्ले. मग एक नारळाची शेंडी. मग त्याची नजर महाराजांच्या मनगटावरच्या लाल गुंडाळीवर गेली. त्यानं ती दातात धरली आणि मान झटकून मनगटातून ओढून काढली.

फट्ट! मोटर बंद.

तलावाच्या ऐन मध्यात. बेट अजून लांब होतं. महाराजांनी हात उंचावले नव्हते, आरोळी ठोकली नव्हती.

“देवीनं अडवलं!” नानाजींनी हात जोडले. “महाराज, आता कोणाले अडवलं?”

महाराजांना सुचेना. ते घाईघाईनं टाकीचं झाकण उघडू लागले. “पेट्रोल... पेट्रोल पाह्यतो.”

गोकुळा बघतच राहिली. “काऊन महाराज? माह्या पोरीच्या वक्ती तं तुमी पेट्रोल नाई पाह्यलं!”

“ती देवी होती, बाई. हे... हे टेक्निकल हाये.”

“म्हंजे देवीनं बोकड अडवला?” भागीरथाबाईचे डोळे मोठे झाले. “त्याचं बी लगन लावाचं का?”

सुनिलला हसू आवरेना. तेवढ्यात आचल पुढे सरकली. बोकडाच्या तोंडातून लाल गुंडाळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला एक छोटासा लाल चाप होता. बोकडानं हार खाऊन मोटर मोकळी केली होती, आणि हारांखाली एक चित्र छापलेलं होतं: माणूस नावेतून पाण्यात पडतो आहे, त्याच्या हाताला दोरा, दोऱ्याचं टोक मोटरीपासून सुटलेलं.

“बाबा, इकडे पाहा,” आचल म्हणाली. “चालवणारा पाण्यात पडला तं मोटर आपोआप बंद पडाले पाह्यजे, नाई तं नाव त्याले सोडून पळन, नाई तं पंख्यानं कापन. त्याच्यासाठी हा दोरा. चाप इथी बसला तं मोटर चालते. निंगाला का बंद.”

तिनं चाप खोबणीत बसवला. महाराज “नको, नको!” करत असतानाच तिनं दोरी ओढली. मोटर धडधडली. तिनं चाप ओढला. फट्ट! पुन्हा बसवला, धडधड. ओढला, फट्ट!

“महाराज हात वर करते, दोरा ताणते, चाप निंगते. मंग वाकून चाप बसवते. आपुन म्हनतो पाया पडले.”

सगळे मोटरीवर वाकले. मग नानाजी म्हणाले, “मले दे पाहू.” त्यांनी चाप ओढला. फट्ट! “देवीनं मले बी अडवलं!” भागीरथाबाईनं ओढला. मग सुनिलनं. सुनिल तर इतका खूश झाला की ओढतच राहिला. “जिजाजी, मले नाई कराचं लगन! मले मोबाइलचं दुकान टाकाचं हाये!”

शेवटी चाप इस्तारीच्या हातात आला. त्यानं तो हळूच बसवला, मोटर चालू केली, पोरीकडे पाहिलं आणि चाप ओढला. मोटर बंद पडली. आभाळ पडलं नाही, नाव उलटली नाही, पाण्यातून कोणी वर आलं नाही. फक्त बोकड ओरडला.

“एवढंच व्हय?” इस्तारी म्हणाला. आणि रागानं त्यानं तो चाप दोऱ्यासकट तलावात भिरकावला.

“अरे अरे, इस्तारीभाऊ!” प्रफुल्ल महाराजांचा आता नुसता प्रफुल्ल झाला होता. “आता चालू नाई होत ते!”

मग कोसंबटोल्याच्या लोकांनी एक वेगळीच मिरवणूक पाहिली. हळदीकुंकवाच्या थाळ्यांनी पाणी मागे लोटत एक नाव येत होती. पुढे इस्तारी वाकून वाकून थाळी मारत होता, मध्ये नानाजी तालात “हय्या, हय्या” करत होते, सुनिल फोडलेल्या नारळाच्या करवंटीनं मदत करत होता आणि प्रफुल्ल बोकड धरून बसला होता. गोकुळाचं कुंकू सगळं पाण्यात गेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती हसत होती आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

सोमवारी सकाळच्या बसनं आचल गडचिरोलीला गेली. तिची पेटी इस्तारीनं डोक्यावरून नेली.

देवी आहे की नाही, यावर कोसंबटोल्यात अजूनही वाद चालतो, आणि चालू द्या. पण मोटर बंद पडली तर आधी मोटर पाहावी, ताप आला तर आधी डॉक्टर पाहावा, आणि कोणी तुमच्या लेकराच्या नशिबाचा कौल सांगू लागला तर आधी त्याचे हात पाहावेत, एवढं तर माणसाला जमलंच पाहिजे. डोळे आणि डोकं आपल्याला त्यासाठीच आहेत.

पुढच्या रविवारी पाळीवर पुन्हा काही नवरदेव आले. चमत्काराची बातमी आपल्याकडे धावत जाते, तो खोटा निघाल्याची मात्र हळूहळू पोहोचते. इस्तारी जाळं खांद्यावर टाकून उभा होता. त्यानं त्यांना मोटरीचं सगळं सांगितलं. लोक चुळबुळले. एक म्हातारी आपल्या पंचेचाळिशीच्या पोराचा हात धरून पुढे आली.

“मंग बाप्पा, आता लगनाचं कोणाले इचारू?”

“पोरीले,” इस्तारी म्हणाला.