माझ्या डाव्या पट्टीवरचा घाव

मित्रांनो, मी एक जुनी चासी आहे आणि मी रागावलेली आहे. रिमोटवर चालणाऱ्या, दगड चढणाऱ्या हातभर लांब गाडीचा मी सांगाडा. माझ्या डाव्या पट्टीवर करवतीचा घाव आहे. तो कसा पडला, ते आज ऐकाच.

घरामागच्या छोट्या कार्यशाळेत माझा जन्म झाला. पोलादाच्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या कांबी, असे माझे शिडीसारखे रूप. वहिनींनी मला स्वतः कापले, कानशीने एकेक कड घासली. गाडी चालवत त्यांचे धाकटे दीर. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत. मीही तेच म्हणते.

कित्येक वर्षे मी खडकांवर पोट घासत चढले. शर्यतीत लोक वाकून पाहत आणि म्हणत, "काय चिकटून चालते हो, पालच जणू!" बक्षिसे भाऊजींच्या कपाटात गेली.

मग त्यांना शोभेचे वेड लागले. माझ्यावर उंच केबिन आली, टपावर दिवे आले आणि पटकन बदलता यावी म्हणून जड बॅटरी माझ्या पोटाजवळून काढून थेट छताखाली बांधली गेली. अहो, डोक्यावर भरलेला हंडा आणि पायांखाली कडा! पहिल्याच तिरक्या खडकावर मी उताणी पडले. आणि दोष कोणाला? मला!

"वहिनी, ही शिडी आता भंगारात. नळ्यांची चासी आणतो. पिंजऱ्यासारखी, एकदम झकास!"

"आणा की. पण बॅटरी कुठे ठेवणार?"

"वरच. हात पोचायला नको?"

"मग तीही लोळेल, भाऊजी."

"तुम्हाला तुमच्या हातचंच गोड लागतं!"

नवी चासी आली. ती वाईट मुळीच नव्हती. गाडी आपटली तर तिच्या नळ्या आतले सामान सांभाळतात, हा गुण माझ्यात नाही. भाऊजींनी माझे सारे सामान तिच्यावर चढवले, बॅटरी पुन्हा छताखाली ठेवली आणि मला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळले. भिंतीवरच्या फळीला आधार म्हणून माझे दोन तुकडे करायचे होते. ज्या हातांना मी बक्षिसे मिळवून दिली, त्याच हातांनी करवत चालवली! अर्धी पट्टी चिरली गेली, तेवढ्यात वहिनी कामावरून परतल्या.

"ठेवा ती करवत खाली!"

त्यांनी नवी गाडी एका फळीवर चाकांवरच, पण आडवी उभी केली आणि फळीची कड हळूहळू उचलली. थोड्याशा तिरकसपणातच गाडी धाडकन उलटली. मग त्यांनी बॅटरी सोडवून खाली, पुढच्या चाकांच्या अ‍ॅक्सलजवळ बांधली. आता फळी कितीतरी अधिक तिरकी झाली, तरी गाडी पाय रोवून उभी.

"बोला, चासीचा दोष होता?"

भाऊजींनी कान खाजवला. "करवत जरा लवकर उचलली म्हणायची."

"जरा?"

मलाही तोच शब्द झोंबला. जरा! वहिनींनी घावावर पोलादी तुकडा रिव्हेट ठोकून बसवला आणि भाऊजींकडून मला नवी मोटर, नवी चाके आणि पोटाजवळ नवी बॅटरी बसवून घेतली. आज नवी चासी उघड्या कड्यांवर जाते, मी अरुंद कपारींत. आमचे भांडण नाही. भाऊजींवरचा राग मात्र गेलेला नाही.

मित्रांनो, शिडी निवडा, नळ्या निवडा, हवी ती चासी निवडा. पण गाडी उलटली, तर तिच्या डोक्यावर तुम्हीच काय लादले आहे, ते आधी उतरवून पाहा. करवत त्यानंतर शोधा. ठिगळ लावलेली पट्टी चालते. पण प्रत्येक खडकावर ती कुरकुरते, आणि ते कुरकुरणे भाऊजींना ऐकू येते.