नावाड्याशी घासाघीस

दशरथच्या मामाने अमेरिकेहून आणलेल्या, एकेक पात्र होऊन फाशांवर खेळायच्या खेळात अनुपमाकडे सोन्याची तीनशे नाणी होती. पण खेळ चालवणारा दशरथ नावाडी होऊन म्हणाला, "सोनं आमच्याकडं चालत नाही. वस्तू द्या."

पलीकडच्या तीरावर लवूचा योद्धा विषाने तडफडत होता. दोन फेऱ्यांत अनुपमाकडचं औषध पोचलं नाही, तर लवू बाद.

"कंदील घे," अनुपमा म्हणाली.

"वर दोरखंडही."

पार्ल्यातल्या ज्या गच्चीवर खेळ मांडला होता, तिथेच लवू येरझारा घालू लागला. "देऊन टाक ना गं!"

पण दारावरच्या बोहारणीला आई कशी नमवते, ते अनुपमाने लहानपणापासून पाहिलं होतं. तिने पिशवी बांधली. "राहू दे. दुसरी होडी बघते."

"बरं, नुसता कंदील द्या."

अनुपमा हसली.

"घासाघिशीत दोन्ही फेऱ्या गेल्या," दशरथ म्हणाला.

लवूने आपले फासे तिच्यापुढे ठेवले. "दोरखंड सांभाळ हां."